लंगडणारा ‘हॉल्ट’ आणि थांबणारा ‘हॉल्ट’

‘हॉल्ट’ हा इंग्रजी शब्द मराठी घरात आता परका राहिलेला नाही. आगगाडीने प्रवास करणाऱ्यास तो लहानशा स्थानकाच्या पाटीवर भेटतो. शाळेत कवायत केलेल्यास तो हुकुमाच्या रूपाने आठवतो. दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच : थांबा. परंतु हाच अर्थ मनात धरून शेक्सपिअरचे ‘तिसरा रिचर्ड’ हे नाटक कोणी वाचावयास घेतले, तर पहिल्याच स्वगतात त्याची फसगत होते. आपल्या कुरूपतेची जंत्री देताना रिचर्ड सांगतो की, आपण जवळून जाऊ लागलो म्हणजे कुत्रीसुद्धा भुंकू लागतात. या जाण्यासाठी नाटककाराने योजलेले क्रियापद ‘हॉल्ट’ हेच आहे. थांबलेल्या माणसावरही कुत्री भुंकतातच. त्यामुळे वाचकास कोठेही खटकत नाही आणि तो पुढे जातो. वास्तविक रिचर्ड तेथे थांबलेला नाही. तो लंगडत चालला आहे.

अक्षरे तीच, उच्चार तोच आणि अर्थ मात्र जवळजवळ उलटे, असे हे दोन शब्द होत. एक चालण्याचा, दुसरा न चालण्याचा. ते एका शब्दाचे दोन अर्थ नव्हेत. त्यांची कुळे निराळी आहेत, आणि इंग्रजी भाषेत ते निरनिराळ्या वाटांनी व निरनिराळ्या काळी आले आहेत. नवा आला आणि जुना हळूहळू दिसेनासा झाला. हे कसे घडले हे पाहण्यासारखे आहे; कारण त्या शब्दाबरोबर एक साधे सत्यही दृष्टीआड झाले.

लंगडणारा ‘हॉल्ट’ हा वयाने फार मोठा. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘हेआल्ट’ असे असून तो ‘लंगडा’ या अर्थाचे विशेषण होता. त्याची भावंडे जर्मानिक कुळातील इतर भाषांतही आढळतात. स्कँडिनेव्हियातील जुन्या नॉर्स भाषेत ‘हाल्त्र’ होते, आणि आजच्या स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत ‘हाल्त’ म्हणजे अजूनही लंगडाच. या कुळातील सर्वांत जुना सलग लेख म्हणजे चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपाने गॉथिक भाषेत केलेले बायबलचे भाषांतर. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांत लिहिलेली सहाव्या शतकातील पोथी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात जतन करून ठेवलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीची एक दृष्टान्तकथा आहे. निमंत्रित मंडळी येत नाहीत असे पाहून यजमान आपल्या चाकरास गावातील गरीब, पांगळे, आंधळे व लंगडे यांना घेऊन येण्यास सांगतो. या यादीतील लंगड्यांसाठी गॉथिक पोथीत ‘हाल्त’ हाच शब्द आला आहे. आणि त्यानंतर सुमारे साडेबाराशे वर्षांनी, १६११ मध्ये, इंग्लंडात राजा जेम्सच्या आश्रयाने जे भाषांतर प्रसिद्ध झाले, त्यातही त्याच जागी ‘हॉल्ट’ आहे. इतका दीर्घकाळ एका अर्थाशी निष्ठा राखणारे शब्द थोडेच सापडतील.

थांबणारा ‘हॉल्ट’ त्या मानाने पोरसवदा. त्याचे मूळ ‘धरणे’ किंवा ‘आवरणे’ या अर्थाचे जर्मन क्रियापद ‘हाल्टेन’. इंग्रजीतील ‘होल्ड’ हा त्याचाच सख्खा भाऊ. जर्मन सेनानायकाने ‘हाल्ट’ म्हटले की तुकडीने पाऊल आवरावयाचे. सोळाव्या शतकात युरोपातील सैन्ये नाना देशांच्या भाडोत्री शिपायांनी भरलेली असत, आणि हुकुमाचे शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जात. जर्मन ‘हाल्ट’ फ्रेंचांत ‘हाल्त’ झाला, इटालियनांत ‘आल्तो’ झाला, आणि त्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या लष्करी बोलीत शिरला. लष्करातून तो प्रवाशांच्या भाषेत आला व पुढे आगगाडीच्या. इंग्लंडातील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०३ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या खोऱ्यात काही छोटे थांबे उघडले, तेव्हा त्यांच्या नावापुढे हा शब्द फ्रेंच वळणाने लिहिला जात असे. शेवटचे अक्षर दोनएक वर्षांत गळून पडले आणि उरला तो ‘हॉल्ट’. पूर्ण स्थानकाचा सरंजाम नसलेला थांबा, हा अर्थ घेऊन तो भारतातही रूढ झाला. पुष्कळ हॉल्ट स्थानकांवर स्टेशनमास्तर नसतो, आणि तिकिटे विकण्याचे काम कमिशनवर नेमलेला माणूस करतो.

सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच वेळी बोलण्यात असताना, भाषेपुढे मोठीच अडचण उभी राहिली असली पाहिजे. ‘शिपाई ओढ्यापाशी हॉल्टला’ असे कोणी सांगितले, तर तो तेथे उभा राहिला की तेथून लंगडत गेला? दोन शब्द अगदी निराळ्या क्षेत्रांतील असले म्हणजे ऐकणारा प्रसंगावरून अर्थ ओळखतो. येथे मात्र दोन्ही शब्द पायांचेच, रस्त्यावरचेच, आणि अनेकदा एकाच शिपायाच्या बाबतीत वापरावयाचे. अशा झटापटीत बहुधा एकास माघार घ्यावी लागते. जुन्या ‘हॉल्ट’च्या पीछेहाटीचे हेच एकमेव कारण होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल; परंतु त्याची जागा घेण्यास दुसरा शब्द तयार होता, हे मात्र निश्चित.

हा दुसरा शब्द म्हणजे ‘लिम्प’. आज इंग्रजीत लंगडण्यास सर्रास हाच शब्द वापरतात. क्रियापद म्हणून तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लेखी आढळतो. परंतु त्याचे बीज त्याहून पुष्कळ जुने आहे. जुन्या इंग्रजीत ‘लिम्पहेआल्ट’ असा एक जोडशब्द होता आणि त्याचाही अर्थ लंगडा असाच. म्हणजे पुढे एकमेकांची जागा घेणारे हे दोन शब्द एके काळी एकाच समासात शेजारी शेजारी नांदत होते. ‘लिम्प’च्या मुळाशी सैलपणे लोंबण्याची कल्पना असावी, असे काही व्युत्पत्तिकार मानतात, आणि त्याच धातूशी ते संस्कृतातील ‘रम्बते’, म्हणजे ‘लोंबते’, या क्रियापदाचे नाते जोडतात. मराठी ‘लंगडणे’ आणि इंग्रजी ‘लिम्प’ यांचा आरंभ सारखा ऐकू येतो, म्हणून ती एकाच घरातील समजू नयेत. मराठी शब्दाच्या जवळचा आहे तो संस्कृत कोशांतील ‘लङ्ग’ आणि फारसीतील ‘लंग’.

जुन्या ‘हॉल्ट’ने माघार घेतली खरी, पण त्यामुळे जुनी पुस्तके बदलली नाहीत. १६११ चे बायबल इंग्रजी घराघरांत वाचले जात राहिले, आणि त्यातील ‘हॉल्ट’ लोक आपल्या काळातील अर्थाने समजू लागले. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रात्रभर एका अज्ञात पुरुषाशी झुंजतो, त्याच्या जांघेचा सांधा निखळतो, आणि सूर्य उगवताना तो तेथून पुढे निघतो. मूळ कथेत तो लंगडत चाललेला आहे. १६११ च्या भाषांतरात त्यासाठी ‘हॉल्ट’ आहे. आणि नवा अर्थ तेवढा ठाऊक असलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे चालणारा याकोब उभाच राहतो.

याहून महत्त्वाचे स्थळ ‘पहिले राजे’ या पुस्तकात आहे. राजा अहाबच्या कारकीर्दीत इस्राएलचे लोक एकीकडे आपल्या देवास भजत आणि दुसरीकडे बआलासही नैवेद्य दाखवीत. तेव्हा एलिया नावाचा संदेष्टा कर्मेल पर्वतावर सर्व लोकांना एकत्र करून विचारतो की, दोन मतांच्या मध्ये तुमचे हे असे किती काळ चालणार? या ‘असे’च्या जागी इंग्रजी भाषांतरकारांनी ‘हॉल्ट’ लिहिले. ते वाक्य पुढे इंग्रजीत म्हणीसारखे झाले. ऐकणारे त्याचा अर्थ करीत तो असा की, दोन रस्त्यांच्या फाट्यावर माणूस खिळून उभा राहिला आहे आणि कोणत्याही रस्त्यास लागत नाही.

मूळ हिब्रूत मात्र थांबण्याचा वासही नाही. तेथील धातू लंगडण्याचा आहे. दाविदाच्या कथेतील योनाथानाचा मुलगा दाईच्या हातून पडून लंगडा झाला, असे जेथे सांगितले आहे, तेथेही हाच धातू येतो. एवढेच नव्हे, तर कर्मेलवरील त्याच प्रसंगात थोडे पुढे बआलाचे पुजारी वेदीभोवती जे उड्या मारीत नाचतात, त्यांच्या नाचासही त्याच धातूचे रूप वापरले आहे. म्हणजे एलियाची टीका फार निराळी आणि फार बोचरी आहे. लोक थांबले आहेत असे तो म्हणतच नाही. ते चालत आहेत. क्षणात या पायावर आणि क्षणात त्या पायावर भार टाकीत, दोन्हीकडे झुकत चालले आहेत. थबकलेल्या माणसास विचार करण्यास अवधी तरी असतो. दोन्हीकडे झुकणारा माणूस आपण पुढे जात आहोत, अशा समजुतीत असतो.

जुन्या भाषांतरकारांना हे नीट कळले होते. ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या ग्रीक भाषांतरात येथे ‘खोलोस’, म्हणजे लंगडा, या शब्दापासून झालेले क्रियापद आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत संत जेरोमने केलेल्या लॅटिन भाषांतरात ‘क्लाउदिकारे’, म्हणजे लंगडणे, हे क्रियापद आहे. १६११ च्या इंग्रजीतील ‘हॉल्ट’ हा त्याच मालिकेतील तिसरा शब्द, आणि त्या काळी तो अगदी अचूक होता. शब्द चुकला नव्हता. त्याच्या भोवतीची भाषा बदलली होती. अखेर १९०१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सुधारलेल्या आवृत्तीत ‘हॉल्ट’ काढून ‘लिम्प’ घालण्यात आला, आणि एलियाचा प्रश्न इंग्रजी वाचकास पुन्हा पूर्वीसारखा ऐकू येऊ लागला.

‘खोलोस’ आणि ‘क्लाउदिकारे’ या दोन शब्दांचा पुढील प्रवासही असाच मनोरंजक आहे. पहिला काव्यशास्त्रात गेला, दुसरा वैद्यकात.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात एफेसस येथे हिपोनॅक्स नावाचा एक तिखट जिभेचा ग्रीक कवी होऊन गेला. शिव्याशापांच्या कवितांसाठी त्याने एक वृत्त वापरले. लघु-गुरु, लघु-गुरु अशा ठेक्याने ओळ चालत असावी, आणि शेवटास येताच जेथे लघु अपेक्षित आहे तेथे गुरु यावा. शेवटची दोन अक्षरे गुरु-गुरु पडावीत. कानास एकदम ठेच लागते. या वृत्तास ग्रीकांनी ‘लंगडे’ असे नाव दिले, आणि त्या नावात ‘खोलोस’ हाच शब्द आहे. पुढे रोममध्ये कॅटुलसनेही हे वृत्त हाताळले. कविता लंगडते ही कल्पना मराठी वाचकास मुळीच परकी वाटणार नाही. ज्या भाषेत कवितेच्या ओळीस ‘चरण’ किंवा ‘पाद’ म्हणतात, त्या भाषेत एखादा चरण लंगडा पडावा हे ओघानेच आले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्येही नटीच्या तोंडचे शब्द गाळले तर पद्य लंगडेल, असा एक विनोद आहे, आणि तेथेही क्रियापद ‘हॉल्ट’ हेच. अडखळत बोलण्यास इंग्रजीत आजही ‘हॉल्टिंग’ म्हणतात ते या जुन्या शब्दाचे शेवटचे जिवंत रूप. ऐकणारा त्यात थांबणे पाहतो, मूळ अर्थ मात्र लंगडत्या बोलण्याचा आहे.

परंतु येथेच या शब्दांच्या वाटचालीतील कमी शोभादायक भागही सुरू होतो. पायाचा शब्द कवितेस लागला, बोलण्यास लागला, मनास लागला; आणि प्रत्येक वेळी तो उणेपणा दाखविण्यासाठीच लागला. इंग्रज मनुष्य न पटणाऱ्या कारणास ‘लेम’ म्हणतो, आणि मराठी मनुष्य त्यास ‘लंगडी सबब’ म्हणतो. सबबीस पाय नसतात. तिला लंगडी म्हणताना जो तिरस्कार आपण व्यक्त करतो, तो कोठून तरी उसना आणलेला असतो. लंगडणाऱ्या माणसाविषयीचा जुना पूर्वग्रहच तेथे नकळत कामास येतो.

या पूर्वग्रहाचे उदाहरण पुन्हा रिचर्डमध्येच सापडते. शेक्सपिअरने त्यास खलपुरुष केले आणि त्याच्या अंतःकरणातील वक्रतेची खूण म्हणून त्यास लंगडत चालविले. शतकानुशतके रंगभूमीवर नट पाय ओढीत ही भूमिका करीत आले. १४८५ मध्ये रणांगणावर पडलेल्या या राजाचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका मोटारतळाखाली सापडला. त्याच्या अस्थींचा अभ्यास करून २०१४ मध्ये संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : पाठीचा कणा एका बाजूस बराच वळलेला होता हे खरे, परंतु पायांची हाडे नीट होती, आणि तो लंगडत असावा असे मानण्यास पुरावा नाही. ते लंगडणे राजाचे नव्हते. नाटककाराच्या लेखणीचे होते.

याच्या नेमके उलट उदाहरण तैमूरचे. ‘तैमूरलंग’ या नावातच फारसी ‘लंग’ आहे, आणि युरोपीयांनी त्याचे जे ‘टॅमरलेन’ केले त्याच्या शेवटीही तोच लपलेला आहे. १९४१ च्या जूनमध्ये समरकंद येथील त्याची कबर सोव्हिएत शास्त्रज्ञांनी उघडली. मिखाईल गेरासिमोव्ह यांनी तपासलेल्या सांगाड्यात उजवा पाय जायबंदी झाल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. तो खरोखरच लंगडत होता; आणि लंगडत असतानाच त्याने मध्य आशियापासून दिल्लीपर्यंत व तेथून अनातोलियापर्यंत मोहिमा केल्या. त्या मोहिमांतील क्रौर्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु लंगडणारा माणूस थांबतो, ही समजूत मोडण्यास याहून ठळक पुरावा कशास हवा?

आता दुसरा शब्द, ‘क्लाउदिकारे’. त्याच्या मुळाशी ‘क्लाउदुस’, म्हणजे लंगडा, हा लॅटिन शब्द आहे. रोममधील क्लॉडियस हे कुलनाम त्याच शब्दाचे, आणि इसवी सन ४१ ते ५४ या काळात राज्य करणारा त्या नावाचा सम्राट योगायोगाने खरोखरच लंगडत असे. याच शब्दावरून वैद्यकात ‘क्लॉडिकेशन’ ही संज्ञा आली. १८३१ मध्ये बुले या फ्रेंच पशुवैद्याने एका घोड्याच्या संदर्भात तिचे वर्णन केले, आणि १८५८ मध्ये शार्को या प्रसिद्ध फ्रेंच डॉक्टराने माणसातील तसाच विकार दाखवून दिला. पायाकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या की चालताना स्नायूंस पुरेसे रक्त मिळत नाही. ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत कळा येऊ लागतात. माणूस उभा राहतो. काही मिनिटांत वेदना शमते आणि तो पुन्हा चालू लागतो. व्युत्पत्तीने निरनिराळे असलेले आपले दोन्ही ‘हॉल्ट’ या एका रुग्णाच्या ठिकाणी एकत्र येतात : नाव लंगडण्याचे, आणि लक्षण थांबण्याचे. पण येथेही थांबणे आहे ते पुढे चालता यावे यासाठीच.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने लंगडणे म्हणजे तरी काय? निरोगी माणसाच्या चालण्यात प्रत्येक पाय एका आवर्तनाचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर टेकलेला असतो आणि सुमारे ४० टक्के काळ अधांतरी असतो. एका पायात वेदना असली म्हणजे शरीर त्या पायाचा जमिनीवरील काळ कमी करते आणि भार लवकर दुसऱ्या पायावर नेते. कमरेजवळचे स्नायू दुबळे झाले असतील, तर एका पायावर उभे राहताना कटिभाग विरुद्ध बाजूस खचतो, असे जर्मन शल्यवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये दाखविले. अशा वेळी तोल राखण्यासाठी माणूस आपले धड दुबळ्या बाजूस झुकवितो. बाहेरून पाहणाऱ्यास यात केवळ बिघाड दिसतो. वास्तविक बिघाड असतो सांध्यात, स्नायूत किंवा नसेत. लंगडणे हा त्या बिघाडावर शरीराने शोधलेला तोडगा आहे. दुखऱ्या अवयवास जपून, तोल सांभाळून, वाट न सोडण्याची ती युक्ती आहे.

जुन्या ‘हॉल्ट’मध्ये हे सत्य होते. तो शब्द चालणाऱ्याचा होता. नव्याने त्याची जागा घेतली तेव्हा चालणारा याकोब उभा राहिला, आणि लंगडण्यात थांबण्याचीच कल्पना मिसळून गेली. मराठी भाषेवर हा प्रसंग आला नाही. आपल्या ‘लंगडण्या’त चालणे अजून शाबूत आहे. लहान मुलांचा लंगडीचा खेळ याची साक्ष देतो. लंगडी घालणारा गडी एका पायावर उड्या घेत दोन पायांनी पळणाऱ्यांचा पाठलाग करतो आणि त्यांना बाद करतो. त्या मैदानात लंगडणे म्हणजे हरणे नव्हे.

आपल्याकडेही या विषयाची शब्दयोजना बदलत आली आहे. २०१६ मध्ये भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला, आणि त्याच सुमारास सरकारी व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ करण्यात आला. नवे शब्द योजल्याने जुने पूर्वग्रह आपोआप नाहीसे होत नाहीत. परंतु शब्दांकडे लक्ष गेले म्हणजे माणसांकडेही लक्ष जाण्याची शक्यता वाढते. यापुढे एखाद्या लहान स्थानकावर ‘हॉल्ट’ ही पाटी दिसेल, तेव्हा त्याच अक्षरांचा एक फार जुना शब्द स्मरणात असू द्यावा. तो कधी थांबला नाही. पाय दुखत असताही तो चालत राहणाऱ्याचा होता.